फिरत्या यंत्रांचीं नांवें आणि त्यांचा ठाव

गांवाचें नांव तेंच राहावें आणि गांव मात्र जागचें हलावें, असा प्रकार सहसा पाहावयास मिळत नाहीं. लातूर जिल्हा आणि तेव्हां उस्मानाबाद म्हटला जाणारा धाराशिव जिल्हा, या दोहोंच्या शिवेभोंवतीं तो ५२ गांवीं घडला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीची रात्र सरत असतां, पहांटे चार वाजण्यास कांहीं मिनिटें उरलीं होतीं तेव्हां धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं व हजारों जीव गेले. पुढें पुनर्वसनाच्या कामांत ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. किल्लारी हें नांव कायम राहिलें. त्या नांवानें दाखविली जाणारी भूमि मात्र बदलली.

अशा गांवीं टपाल वांटणाऱ्या मनुष्यास तीन गोष्टी निरनिराळ्या ठाऊक असाव्या लागतात. पत्र कोणाचें, तो गृहस्थ सध्या कोठें राहतो, आणि तेथवर जाण्याची वाट कोणती. नांव, ठिकाण व वाट हीं स्थिर गांवांत एकमेकांना इतकीं चिकटलेलीं असतात कीं, त्यांचें वेगळेपण कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. गांव हललें म्हणजे तीं सुटीं होतात. मोबाईल यंत्रांचें, म्हणजे खिशांत घेऊन फिरावयाच्या यंत्रांचें, एक विशिष्ट प्रकारचें जाळें असतें. त्यांत हीं तिन्ही नेहमींच सुटीं असतात, आणि म्हणून नांवावरून ठिकाण काढण्याचा साधा वाटणारा प्रश्न तेथें कमालीचा अवघड होऊन बसतो.

स्थिर जाळ्यांत हा प्रश्न कसा सुटला तें आधीं पाहूं. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. माणसांना अंक लक्षांत राहत नाहींत म्हणून नांवें दिलीं जातात. आरंभीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेंत नांवांची एकच यादी ठेवलेली असे, आणि प्रत्येकानें ती वेळोवेळीं उतरवून घ्यावी असा परिपाठ होता. यंत्रें शेंकड्यांनीं वाढलीं तेव्हां ही एकहातीं वही पुरेना. १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं उतरंडीची योजना मांडली. एका कचेरीनें साऱ्यांचीं नांवें ठेवावयाचीं नाहींत. वरच्या कचेरीनें खालची कचेरी कोठें आहे एवढेंच सांगावयाचें, तिनें त्याखालची सांगावयाची. भारतांतील पुष्कळ नांवांच्या शेवटीं ‘डॉट इन’ येतें, तें या उतरंडींतील एका पायरीचें नांव होय. अगदीं वरच्या पायरीवर मूळ कचेऱ्यांचीं तेरा नांवें आहेत. व्यवस्था सुरेख आहे. पण तिचा सारा भार एका गृहीतावर आहे. विचारावयाचें कोणाला, हें आधींपासून ठाऊक असलें पाहिजे, आणि ती कचेरी जागेवर उभी असली पाहिजे.

किल्लारीच्या त्या पहांटेसारख्या प्रसंगीं हें गृहीतच ढांसळतें. मनोरे पडतात, वीज जाते, तारा तुटतात. उरतात तीं माणसांच्या हातांतलीं यंत्रें. (१९९३ सालीं तींही नव्हतीं, भारतांत खिशांतल्या मोबाईल दूरध्वनीवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें.) अशा यंत्रांनीं मनोऱ्यावांचून, आपापसांतच, तात्पुरतें जाळें विणावें ही कल्पना मात्र जुनी आहे. हवाई बेटांवर १९७१ सालीं विद्यापीठानें बेटाबेटांमध्यें रेडिओच्या लहरींवरून संगणक जोडले. त्याच दशकांत अमेरिकन संरक्षण खात्यानें चालत्या वाहनांतून असें जाळें चालविण्याचे प्रयोग केले. आणि १९९७ सालीं इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें या विषयापुरता एक स्वतंत्र कार्यगट नेमला. अशा जाळ्याचें मुख्य लक्षण असें कीं, त्यांत प्रत्येक यंत्र आपलें काम करतां करतां शेजाऱ्याचा सांगावाही पुढें पोंचवितें. प्रत्येक घर हेंच टपालघर. दूरच्या यंत्राशीं बोलावयाचें तर मधल्या चार-पांच जणांच्या हातांतून संदेश जातो, आणि ते चार-पांच जण स्वतःही चालते असतात.

आतां या जाळ्यांत नामसूची ठेवावयाची कोणापाशीं? ज्याच्यापाशीं ती ठेवावी तो उठून निघून जाईल, किंवा त्याची विद्युत्-घटिका संपेल. बरें, तो राहिला तरी त्याच्यापर्यंतची वाट दर घटकेला बदलते.

यावर अगदीं पहिला उपाय मनुष्यानें यंत्रांच्या कितीतरी आधीं शोधून ठेवलेला आहे. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांत माळेगांवची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांचा मोठा बाजार आणि त्यांत माणसांची ही गर्दी. तेथें सोबती चुकला म्हणजे मनुष्य काय करतो? हांक मारतो. ज्याला हांक ऐकूं येते पण जो तो नव्हे, तो गप्प बसतो. ज्याचें नांव असेल तो ओ देतो. जाळ्यांतील यंत्रेंही हेंच करतात. ‘अमक्या नांवाचें यंत्र कोठें आहे?’ असा पुकारा एकानें करावयाचा, ऐकणाऱ्यानें तो पुढें एकदां पुकारावयाचा, आणि नांवाच्या धन्यानें आलेल्या वाटेनेंच उलट उत्तर धाडावयाचें. तोच पुकारा दुसऱ्यांदा कानीं पडला तर तो गिळून टाकावयाचा, एवढी दक्षता ठेवली कीं पुरे. नाहीं तर एकच हांक जाळ्यांत जन्मभर फिरत राहील.

हांक मारण्यांतही शहाणपण असतें. जवळच उभ्या असलेल्या सोबत्यासाठीं सारी यात्रा दणाणून सोडण्याचें कारण नाहीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मान्य पद्धतींत वाट शोधतांना पुकारा प्रथम एकाच टप्प्यापुरता करतात, उत्तर न आल्यास तीन टप्पे, मग पांच, मग सात, आणि तरीही ओ आली नाहीं तर एकदम ३५ टप्प्यांपर्यंत. हे आंकडे सोयीचे म्हणून घेतलेले आहेत, शास्त्रांतून निघालेले नव्हेत. पण त्यांमागचा विचार कोणत्याही बाजारकरी मनुष्यास पटेल.

तरीही पुकारा महागच पडतो. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, त्या ५२ गांवांत एकेक यंत्र आहे आणि प्रत्येकानें दिवसभरांत दहा नांवें विचारलीं. एकूण प्रश्न ५२०. प्रत्येक पुकारा प्रत्येकानें एकदां पुढें धाडला तर एका प्रश्नाला सुमारें ५२ वेळां बोलावें लागतें, म्हणजे दिवसाकांठीं २७,०४० वेळां. याउलट चार टप्प्यांवर एखादी नामसूची खात्रीनें असेल, तर जातांना चार व येतांना चार मिळून आठ वेळां बोलून काम होतें. दिवसाचे ४,१६० उच्चार. साडेसहा पटींचा हा फरक नुसता कागदावरचा नव्हे. एका वेळीं एका परिसरांत एकालाच बोलतां येतें. दोघे एकदम बोलले तर कोणाचेंच कळत नाहीं. शिवाय प्रत्येक उच्चाराला वीज लागते, आणि जेथें दिवा लावावयास वीज नाहीं तेथें ती दुसऱ्याच्या हांका पुढें ढकलण्यांत संपते. पुकाऱ्यांच्या गदारोळांत जाळें स्वतःच बुडतें हें अभ्यासकांनीं प्रयोगानें दाखविलेलें आहे.

म्हणून एक काटकसरीची युक्ति निघाली, आणि या विषयांतील सर्वांत समंजस युक्ति हीच म्हणावी लागेल. नांवावरून ठिकाण विचारण्यासाठीं एक पुकारा आणि ठिकाणाकडे जाणारी वाट विचारण्यासाठीं दुसरा पुकारा, असा दुहेरी खर्च कां करावा? पहिल्या पुकाऱ्याचें उत्तर ज्या वाटेनें परत आलें, तीच जाण्याचीही वाट आहे. तेव्हां नांव विचारण्याच्या चिठींतच वाट विचारण्याची चिठी गुंडाळून द्यावी. उत्तर आलें कीं दोन्ही कामें साधलीं. ओ कोठून आली तें ऐकून त्याच दिशेला चालूं लागणारा यात्रेकरू तरी दुसरें काय करतो?

अर्धवट उपाय मात्र लोकांना पुष्कळदां पुरा वाटतो. घरांतील छापण्याचें यंत्र आणि संगणक एकमेकांना आपोआप ओळखतात. त्याचा नियम २०१३ सालीं पक्का झाला. त्यांत नांवाच्या शेवटीं ‘लोकल’ हा शब्द असतो, आणि कोणत्याही कचेरीवांचून यंत्रें परस्परांत विचारून नांव लावतात. नवें यंत्र येतें, पाव-पाव सेकंदाच्या अंतरानें तीन वेळां विचारतें, ‘हें नांव कोणाचें आहे काय?’ कोणी बोललें नाहीं तर नांव आपलें. दोघांनीं एकदमच विचारलें तर त्यांनीं दिलेला मजकूर कोशाच्या क्रमानें लावून पाहतात, आणि ज्याचा मजकूर मागाहून येतो त्याला नांव मिळतें. हरलेला आपल्या नांवापुढें दोनचा आंकडा जोडतो. घरापुरती ही व्यवस्था झकास चालते. परंतु ती एकाच खोलींतल्या हांकेसारखी आहे. एका टप्प्यापलीकडे ती मुळांतच जात नाहीं. तिला गांवभर नेऊं पाहणाऱ्यास पुन्हां २७ हजार उच्चारांच्या हिशेबाशीं यावें लागतें.

खरी अडचण याहून खोल आहे. तीन वेळां विचारलें आणि कोणी बोललें नाहीं, यावरून तें नांव मोकळें आहे असें सिद्ध होतें काय? शांततेचा अर्थ ‘कोणी नाहीं’ असाही होतो आणि ‘ऐकूंच गेलें नाहीं’ असाही होतो. समजा, नांदेडला गोदावरीस मोठा पूर आला आणि मनोरे बंद पडून शहराचे दोन कांठ एकमेकांस तुटले. उत्तरेस वजिराबादच्या बाजूला एका पथकानें आपल्या यंत्राला ‘दवाखाना’ असें नांव दिलें. दक्षिणेस सिडकोच्या बाजूला दुसऱ्यानेंही तेंच दिलें. दोघांनींही विधिपूर्वक विचारलें होतें, दोघांनाही नकार आला नव्हता. पूर ओसरतो, एक नाव मधोमध येते, तिच्यावरील यंत्रामुळें दोन्ही जाळीं जुळतात. आणि त्या क्षणीं एका नांवाचे दोन धनी उभे राहतात. रुग्णवाहिका कोणत्या दवाखान्याकडे धाडावयाची? चूक कोणाचीच नाहीं, पण रुग्ण चुकीच्या कांठावर जाऊं शकतो. जाळें तुटणें याहून जाळें पुन्हां जुळणें हें नांवांच्या दृष्टीनें अधिक धोक्याचें आहे, ही गोष्ट प्रथम ऐकतांना विपरीत वाटते.

अंकी पत्त्यांतही हाच घोळ होतो. पत्ता देणारी कचेरी नसली म्हणजे यंत्रें राखीव अशा ६५,०२४ पत्त्यांतून एखादा चिठ्ठी काढल्यासारखा उचलतात. एवढ्या मोठ्या ढिगांतून दोघांच्या हातीं एकच चिठ्ठी येणें अशक्यप्राय वाटेल. परंतु गणित सांगतें कीं, केवळ ३०० यंत्रें जमलीं कीं कोणातरी दोघांचा पत्ता एकच निघण्याचा संभव निम्म्यावर येऊन ठेपतो. कारण ३०० मध्यें जोड्या ४४,८५० होतात.

सारख्या नांवांचा तंटा मराठी मुलखाला नवीन नाहीं. एका परिसरांत एका नांवाचीं दोन गांवें झालीं तेव्हां फारशी दफ्तरानें एकाला बुद्रुक आणि दुसऱ्याला खुर्द म्हटलें, थोरलें आणि धाकटें. यंत्र आपल्या नांवापुढें दोनचा आंकडा जोडतें तें याच जातीचें आहे, फक्त त्यांत तेवढा मान राहत नाहीं. यात्रेंत चुकलेल्या मुलाचा पुकारा ध्वनिक्षेपकावरून होतो तेव्हां नुसतें ‘बाळू’ म्हणून भागत नाहीं. बापाचें नांव आणि गांव जोडावें लागतें. उतरंडीचीं नांवें म्हणतात तीं हींच. पण उतरंड लावावयास वरची पायरी कोणीतरी आधीं बांधून ठेवलेली असावी लागते, आणि येथें विषयाची मेख आहे.

१९९३ च्या मदतकार्यांतच त्याचा एक नमुना पाहावयास मिळाला. हौशी बिनतारी चालक, ज्यांना हॅम म्हणतात, ते आपलीं यंत्रें घेऊन भूकंपग्रस्त भागांत गेले आणि त्यांनीं संदेश पोंचविण्याचें काम केलें. त्यांपैकीं प्रत्येकाचें एक संकेतनाम असतें. भारतांतील चालकांचें नांव ‘व्ही यू’ या अक्षरांनीं सुरू होतें. परीक्षा दिल्यावर केंद्र सरकारचें संपर्क खातें तें देतें, आणि तें साऱ्या जगांत दुसऱ्या कोणाचें नसतें. चालक चिखलांत तंबू ठोकून बसतो, एका ठराविक लहरीवर प्रथम दुसऱ्याचें आणि मग आपलें संकेतनाम उच्चारतो; ऐकतात सर्व, उत्तर देतो एकच. वर्दळ वाढली कीं त्यांच्यापैकीं एकजण नियंत्रक होतो, कोण कोण हजर आहे याची वही ठेवतो आणि पाळीपाळीनें बोलावयास सांगतो. तो थकला कीं दुसरा बसतो. नांव मध्यवर्ती सत्तेनें शांततेच्या काळीं दिलेलें, शोध मात्र जागेवर आणि कोणत्याही कचेरीवांचून. पुस्तकांतून ज्या अनेक योजना सुचविलेल्या आहेत, त्यांतील बहुतेक या साध्या व्यवस्थेच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहींत. कांहीं यंत्रांनीं आपसांत निवड करून तात्पुरती नामसूची संभाळावी, ती दोघां-तिघांपाशीं वांटून ठेवावी, सांभाळणारा नाहींसा झाल्यास दुसरा नेमावा, हें सारें त्या बदलत्या नियंत्रकाचेंच यांत्रिक रूप होय.

यांत लबाडी शिरली तर? पुकाऱ्याला ओ देणारा खराच तो आहे, हें ओळखावयाचें कसें? २०१४ सालीं हाँगकाँगच्या निदर्शनांत तरुणांनीं मनोऱ्यांवर विसंबून न राहतां फोन ते फोन संदेश धाडण्याची सोय वापरली. तेव्हांपासून ही शंका अभ्यासिकेंतली राहिली नाहीं. एक उपाय असा कीं, नांवच गुप्त किल्लीवरून तयार करावें. किल्लीच्या जोडीतील उघडा भाग गणितानें दळून निघालेला अंक हेंच नांव; ज्याच्यापाशीं जोडीची गुप्त किल्ली असेल तोच आपली सही दाखवूं शकतो, आणि तपासणाऱ्यास कोणाला विचारावयास जावें लागत नाहीं. एकाच अंकाचे दोन धनी होण्याचा संभवही जवळजवळ संपतो. मग अडलें कोठें? अडलें येथें कीं, तें नांव चाळीस-पन्नास अक्षरांचें आणि निरर्थक असतें; ढिगाऱ्याशेजारीं उभा राहून कोणी तें उच्चारूं शकणार नाहीं. झूको या टोपणनांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका संगणकतज्ज्ञानें २००१ सालीं असें मांडलें कीं, नांव लक्षांत राहण्याजोगें असणें, त्याची तोतयेगिरी न होणें, आणि तें कोणा एका सत्तेवांचून मिळणें, या तिहींपैकीं दोनच एकदम साधतात. पुढील काळांत यावर तोडगे काढल्याचे दावे झाले. पण ते बहुधा सर्वत्र जोडलेल्या मोठ्या जाळ्यावर विसंबतात, आणि तुटक जाळ्यांत तेंच तर नसतें. व्यवहारांत उरतो तो घरगुती उपाय: यंत्रांनीं आपसांत लांबलचक नांवें वापरावीं, आणि प्रत्येकानें आपल्या वहींत त्यांपुढें ‘थोरला भाऊ’, ‘सास्तूरचे डॉक्टर’ असें आपलें आपण लिहावें. एकाची वही दुसऱ्याला लागू पडत नाहीं, हा त्यांतील उणेपणा सोसावाच लागतो.

एकदां मिळालेलें उत्तर टिपून ठेवावें म्हणजे पुन्हां पुकारा नको, हें ओघानेंच आलें. वाटेंतील यंत्रेंही जातां येतां उत्तर टिपून घेतात आणि पुढच्या विचारणाऱ्यास परस्पर सांगतात. बचत मोठी, पण टिपण शिळें होतें. किल्लारीचा जुना पत्ता पाठ असलेला मनुष्य आजही मोठ्या आत्मविश्वासानें ओसाड जागेकडे बोट दाखवील. म्हणून प्रत्येक टिपणावर मुदत घालतात. घरगुती जाळ्याच्या त्या नियमांत यंत्राच्या पत्त्याची मुदत दोन मिनिटें धरलेली आहे. चालत्या माणसांच्या जाळ्यांत तीही कधीं लांब पडते. मुदत तोकडी केली तर पुकारे वाढतात, लांबविली तर चुका वाढतात. वाटेच्या बाबतींत यावर एक चांगली तोड आहे: प्रत्येक यंत्र आपल्या ठिकाणाबद्दलच्या वार्तेला चढता अनुक्रमांक देतें, आणि दोन वार्ता परस्परविरुद्ध आल्या तर मोठ्या क्रमांकाची खरी मानतात. घड्याळें जुळलेलीं नसलीं तरी हें चालतें.

शेवटीं, संकटांत मनुष्य पुष्कळदां नांवानें विचारीतच नाहीं. त्याला अमुक डॉक्टर नको असतो. शस्त्रक्रिया करूं शकणारा कोणीही, रक्ताचा सांठा असलेला कोणताही दवाखाना, जवळचा चालूं असलेला पाण्याचा टँकर हवा असतो. अशा कामावरून केलेल्या पुकाऱ्याला एकाऐवजीं अनेकांनीं ओ दिली तरी बिघडत नाहीं. सर्वांत कमी टप्प्यांवरचा निवडावा. दोन्ही कांठांवरच्या ‘दवाखाना’ या नांवानें वर जो तंटा उभा केला, तो या रीतीनें विचारल्यास बराचसा मिटतो, कारण तेथें नांव म्हणून लिहिलेला शब्द मुळांत कामच सांगत होता. मात्र बाहेरच्या जगाशीं जोडलेलें एखादें यंत्र, म्हणजे या जाळ्याची वेस, कोणतें आहे, हें आधीं सर्वांस कळावें लागतें. आंतलीं नांवें आंतच शोधावयाचीं आणि ‘डॉट इन’ सारखीं बाहेरचीं नांवें वेशीकडे धाडावयाचीं, हा भेद नांवाच्या शेपटावरून होतो. वेशींत एकाहून अधिक यंत्रें असलीं आणि त्यांतील एक बंद पडलें, तर कांहीं टप्प्यांपर्यंतच्या यंत्रांना ती बातमी उशिरा पोंचते. आणि मधल्या वेळांत त्यांचे संदेश बंद वेशीवर जाऊन थांबतात.